कॉर्फू, कर्फ्यू आणि 'मनोरंजन'

पॉडकास्टच्या मागच्या भागात आम्ही ग्रंथालयांवर गप्पा मारल्या. त्या ओघात मी म्हणून गेले की संदर्भ विभाग ही गोष्ट आता संपल्यातच जमा आहे. रेकॉर्डिंग संपलं आणि ते वाक्य मला टोचायला लागलं. कारण त्याच आठवड्यात एका संदर्भ ग्रंथपाल बाईंनी मला एका फजितीतून बाहेर काढलं होतं, आणि माइकसमोर मी ते सोयीस्करपणे गिळलं होतं. तेव्हा हा लेख म्हणजे एक दुरुस्ती समजा. निमित्त दोन सिनेमांचं आहे. एक 1957 चा 'डेस्क सेट', दुसरा 2017 चा 'एक्स लिब्रिस'. दोन्ही न्यूयॉर्कमधले, दोन्हींत काही माणसं दिवसभर फोन उचलतात आणि लोकांच्या प्रश्नांची उत्तरं देतात. मधे बरोबर साठ वर्षं गेली आहेत.

आधी एक खुलासा, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी 'रेफरन्स डेस्क' असं लिहिलेल्या टेबलासमोरून शेकडो वेळा जाऊनही तिथल्या माणसाला एकही प्रश्न विचारलेला नसतो. (मीही पीएचडीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत विचारला नव्हता. मला वाटायचं, प्रिंटर अडला की तिथे सांगायचं.) 1876 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सॅम्युएल ग्रीन नावाच्या ग्रंथपालाने एक निबंध वाचला. त्याचा मुद्दा साधा होता: वाचक दारात आला की त्याला नुसती सूची दाखवून मोकळं होऊ नका, त्याच्याशी बोला. संदर्भ सेवेची सुरुवात साधारण तिथून मोजतात. आज ऐकताना यात काय नवीन, असं वाटतं. पण आपल्याकडचं गावातलं वाचनालय आठवा. पुस्तकं काउंटरच्या पलीकडे, आपण अलीकडे, मधे काका. काका बोलले तर बोलले. माझ्या आजीला तिचे काका सांगायचे, "वहिनी, हे तुमचं वाचून झालंय." ही सेवा ज्याच्या त्याच्या नशिबावर अवलंबून होती. ग्रीनचं म्हणणं असं की ती नशिबावर ठेवू नका, ते कुणाचं तरी काम असू द्या.

'डेस्क सेट' मध्ये हे काम कॅथरीन हेपबर्नकडे आहे. बनी वॉटसन एका टीव्ही कंपनीच्या संदर्भ विभागाची प्रमुख. हाताखाली तिघी जणी, भिंतीभर पुस्तकं आणि न थांबणारे फोन. सांताच्या हरणांच्या नावांपासून काहीही विचारा. मग स्पेन्सर ट्रेसी हातात टेप घेऊन येतो आणि खोली मोजायला लागतो. त्याने एक भलामोठा कॉम्प्युटर बनवलाय, नाव एमरॅक, आणि तो याच खोलीत बसणार आहे. बायकांना कळतं ते कळतं. आपली नोकरी गेली.

सिनेमा विनोदी आहे, रंगीत आहे आणि पाहायला मजा येते. पण सुरुवातीच्या श्रेयनामावलीत आयबीएमचे आभार मानलेत, हे नजरेतून सुटू देऊ नका. त्यानंतर शेवट गोड होणार हे उघड आहे. आणि तो होतोच. पगार विभागातलं दुसरं यंत्र बिघडून सगळ्यांनाच, अगदी कंपनीच्या अध्यक्षांनासुद्धा, बडतर्फीची चिठ्ठी पाठवतं. मग कळतं की एमरॅक कुणाला काढायला आणलेलाच नव्हता. कंपनीचा आकार वाढणार आहे, कामही वाढणार आहे, यंत्र हाताखाली मदतीला राहील. हे मला पटत नाही. सिनेमाने भीती खरी दाखवली आणि उत्तर मात्र जाहिरातीतलं दिलं. नंतरच्या साठ वर्षांत 'यंत्र फक्त मदतीला आहे' हे वाक्य इतक्या ऑफिसांत, इतक्या लोकांना ऐकवलं गेलंय की आता ते विनोदी सिनेमात ऐकूनही हसू येत नाही.

तरी यातला एक प्रसंग सोन्यासारखा आहे. कॉर्फू बेटाबद्दल एक प्रश्न येतो. यंत्र चालवणारी मिस वॉरिनर टाइप करते, आणि 'कॉर्फू'चं होतं 'कर्फ्यू'. झालं, एमरॅक कर्फ्यूच्या घंटेवरची एक जुनी लांबलचक कविता छापत सुटतो. थांबवताही येत नाही. लोक या प्रसंगाला 'यंत्र चुकलं' म्हणून हसतात. मला वाटतं, यंत्र मुळीच चुकलं नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने चोख उत्तर दिलं. त्याची स्मरणशक्ती शाबूत होती. नव्हतं एवढंच की त्या खोलीत त्या क्षणी कुणी उलटून विचारलं नाही, "थांबा, बेट ना?" आधी गच्चीवरच्या जेवणाच्या प्रसंगात ट्रेसी बनीला कोडी घालतो, तेव्हा ती पटापट उत्तरं देते आणि सांगते की मी एका गोष्टीला दुसरी गोष्ट जोडत जाते. सिनेमा याला तिची हुशारी म्हणतो. मी त्याला कामाची सवय म्हणेन. समोरच्याच्या प्रश्नाला दुसरं काय जोडलेलं असेल, हे शोधायची सवय.

या सवयीचं शास्त्र नंतर झालं. रॉबर्ट टेलर नावाच्या अभ्यासकाने 1968 मध्ये एक लेख लिहिला. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो आजही वाचावा लागतो. तो म्हणतो, माणूस टेबलापाशी येऊन जो प्रश्न विचारतो तो चौथ्या पायरीवरचा असतो. पहिल्या पायरीवर नुसती अस्वस्थता असते, काहीतरी हवंय पण काय ते सांगता येत नाही. मग मनात धूसर आकार येतो, मग वाक्य बनतं. आणि शेवटी माणूस त्या वाक्याला मुरड घालतो, ग्रंथालयाकडे काय असू शकेल याचा अंदाज बांधून. म्हणजे जो प्रश्न कानावर पडतो तो आधीच तडजोड झालेला असतो. ग्रंथपालाने त्या पायऱ्या उलट्या उतरत खाली जायचं. मराठीत आपण म्हणतो ना, 'पोटातलं ओठावर आलं नाही', तेच हे.

आता 'एक्स लिब्रिस'. फ्रेडरिक वाइजमनचा माहितीपट, विषय न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी, लांबी 197 मिनिटं. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, पडद्यावर नावंसुद्धा नाहीत. पहिल्यांदा पाहताना मी मधे दोनदा चहा केला. सुरुवातीला रिचर्ड डॉकिन्स बोलतात आणि लगेच आपण फोनवाल्यांच्या खोलीत येतो. कानाला हेडसेट लावलेली माणसं, समोर स्क्रीन. एक जण शांतपणे कुणाला तरी समजावतोय की युनिकॉर्न हा काल्पनिक प्राणी आहे. आवाजात थट्टा नाही, वैताग नाही. तो जुन्या इंग्रजीतला संदर्भ शोधून देतोय. प्रेक्षागृहात लोक इथे हसतात. वाइजमन हसत नाही, कॅमेरा नुसता पाहत राहतो.

हा माहितीपट मला फार आवडतो, आणि म्हणूनच त्यावर माझा राग आहे. संदर्भ सेवेला तो सुरुवातीलाच मान देतो आणि मग इतर असंख्य खोल्यांत शिरतो. ब्रॉन्क्समधला नोकरी मेळावा, ब्रेल आणि बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय, ज्येष्ठांचा नाच, घरी इंटरनेट नसलेल्यांना ते पुरवणारं यंत्र उसनं देणं. हे सगळं खरं आहे, गरजेचं आहे. आज ग्रंथालयात येणाऱ्या कितीतरी लोकांना उत्तराआधी इंटरनेट लागतं, फॉर्म भरायला हात लागतो. पण मधे मधे वरिष्ठांच्या बैठका येतात. तिथे पैसा, ई-पुस्तकं, डिजिटल दरी यांवर चांगली, विचारी चर्चा चालते. त्या टेबलाशी फोनवरचा तो माणूस मला तरी कधी दिसला नाही. युनिकॉर्नची खोली आणि बैठकीची खोली या दोन खोल्या सबंध सव्वातीन तासांत एकमेकींशी बोलत नाहीत. ही वाइजमनची टीका आहे की त्याच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट, हे मी अजून ठरवू शकले नाही.

याच ग्रंथालयाला साधारण दहा वर्षांपूर्वी एक जुनी पेटी सापडली. संदर्भ विभागाला आलेले जुने प्रश्न कार्डांवर टिपून ठेवलेले. 2019 मध्ये त्यांतले निवडक प्रश्न बॅरी ब्लिट यांच्या चित्रांसह पुस्तकरूपाने आले. अठराव्या शतकातल्या इंग्रजी चित्रांत इतक्या खारी का असतात आणि त्या चावू नयेत म्हणून काय करत, असा एक प्रश्न त्यात आहे. पुस्तक गोड आहे, भेट द्यायला छान. पण त्याने नुकसानही केलंय. संदर्भ विभाग म्हणजे जुन्या काळातल्या विक्षिप्त लोकांच्या गमती, असं वाटायला लागतं. खारींचा प्रश्न ज्याने विचारला, त्याने तो का विचारला? कुणी पेंटिंगचा व्यापारी असेल, कुणी परीक्षेला बसलेली मुलगी असेल. कार्डावर ते नाही. चुटका उरला, माणूस गेला.

बाकी आकडे काय सांगतात ते तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन ग्रंथालयांच्या नोंदींत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून संदर्भ प्रश्नांची संख्या घसरतच गेली. टेबलं हटली, तिथे कॉफी आली. गंमत म्हणजे खुद्द गूगलने 2002 मध्ये माणसं नेमून प्रश्नांची उत्तरं विकायचा प्रयोग केला होता. 2 ते 200 डॉलर किंमत आपण लावायची, संशोधक शोधून देणार. 2006 मध्ये नवे प्रश्न घेणं बंद झालं. फुकट आणि तात्काळ मिळत असताना पैसे आणि वाट कोण पाहणार?

रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच नियमांतला चौथा नियम आहे: वाचकाचा वेळ वाचवा. हा नियम सर्च इंजिननी सरळ पळवला आणि इतका उत्तम पाळला की ग्रंथालयं त्या शर्यतीत उरलीच नाहीत. कबूल. शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेला मोल्सवर्थचा शब्दकोश मी रोज उघडते, आणि जाड खंड उचलायची मला अजिबात हौस नाही. पण रंगनाथन यांचा दुसरा नियम, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, हा वेगाचा नियमच नाही.

आता माझी फजिती.

माझी आजी सांगलीत असते, वय 91. व्हिडिओ कॉलवर ती गेलं वर्षभर एकच गोष्ट सांगत होती. "आईचं काहीतरी 'मनोरंजन'मध्ये छापून आलं होतं गं. तू एवढी तिकडे शिकतेस, ते शोध." तिची आई, म्हणजे माझी पणजी, मिरजेची. तिचा एक फोटो आहे, तिने स्वतः लिहिलेलं काहीच नाही. 'मनोरंजन' म्हणजे का. र. मित्र यांनी 1895 मध्ये सुरू केलेलं मासिक, ज्याने 1909 मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. मी सर्चमध्ये 'मनोरंजन दिवाळी अंक' टाकलं. दिवाळीला कोणते सिनेमे येणार, कुठल्या चॅनेलवर काय, असं सगळं समोर आलं. कॉर्फूचं कर्फ्यू!

मग विद्यापीठाच्या सूचीत शोधलं. तिथेही नाही. नंतर कळलं की अमेरिकन ग्रंथालयांत मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची जी ठरलेली पद्धत आहे, तीत शब्दाच्या शेवटचा, आपण न उच्चारलेला 'अ'सुद्धा लिहितात. 'मनोरंजन'च्या शेवटी एक जास्तीचा 'ए'. टिळकांनाही तो लागतो, आणि केळकरांना तर दोन जागी. मराठी येत असल्यामुळेच मराठी पुस्तक सापडत नाही, असा हा प्रकार. 1962 पासून गव्हाच्या विक्रीतून भारतात साठलेल्या अमेरिकन सरकारच्या रुपयांतून इथल्या विद्यापीठांसाठी भारतीय पुस्तकं घेतली गेली. त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कॅम्पसवर मराठीचं कपाट आहे. आणि ते या 'ए'च्या मागे दडलेलं आहे.

वैतागून मी एका चॅटबॉटला विचारलं. त्याने सुरेख मराठीत, वर्षासकट, पृष्ठक्रमांकासकट सांगितलं: लेख 1912 च्या दिवाळी अंकात आहे. मी आनंदाने सांगलीला फोन केला. आजी रडली. मामाने नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी मी तो संदर्भ घेऊन आमच्या दक्षिण आशिया विभागाच्या ग्रंथपाल बाईंकडे गेले, नुसतं स्कॅन मागवायला.

त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, "तुमच्या पणजींचा जन्म कधीचा?"

1908.

त्या हसल्या नाहीत. युनिकॉर्नवाल्या माणसासारख्याच गंभीर होत्या. मग म्हणाल्या की असे पाहुणे हल्ली वरचेवर येतात, अस्तित्वात नसलेले लेख मागणारे. 2025 च्या मे महिन्यात शिकागो सन-टाइम्सच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची एक यादी छापून आली होती. लेखक खरे, बरीचशी पुस्तकं मात्र कुणी लिहिलेलीच नाहीत. वर्तमानपत्र फसलं, तिथे मी कोण? पण वर्तमानपत्राला आजीला परत फोन करायचा नव्हता. मला करायचा होता.

मी परत निघाले होते, तेवढ्यात त्यांनी बसायला सांगितलं आणि पाऊण तास मलाच प्रश्न विचारले. लग्न कधी झालं? माहेरचं नाव काय, सासरचं काय? नावाने छापलं असेल, का 'एक भगिनी' वगैरे टोपणनावाने? लेख होता, पत्र होतं, का पाककृती? 'मनोरंजन' हे नाव आजींनी छापलेलं पाहिलंय, का ऐकलंय? त्यांनी हेही सांगितलं की शं. ग. दाते यांची 1800 ते 1937 पर्यंतची ग्रंथसूची पुस्तकांची आहे. टोपणनावाने एखादा लेख लिहिणारी बाई तीत सापडणार नाही. म्हणजे हा शोध आजीच्या आठवणीतूनच सुरू करावा लागेल. शेवटी विचारलं, "किती घाई आहे?" या प्रश्नाचा अर्थ मला बाहेर पडल्यावर कळला.

मी ते सगळे प्रश्न घेऊन आजीला फोन केला. आधी 1912 ची कबुली दिली. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलंच. त्या साली आई तर पाळण्यातून नुकती उतरलेली." (बघा, तिला कळलं होतं. माझ्या आनंदासाठी गप्प राहिली की स्वतःच्या, कोण जाणे.) आणि प्रश्नांना उत्तरं देता देता तिला आठवलं: मासिकाचं पत्र किर्लोस्करवाडीहून आलं होतं. मिरजेहून तशी जवळच, म्हणून वडील थट्टा करायचे की स्वतःच चालत जाऊन दे. मी म्हटलं, मग 'मनोरंजन'? तर आजी म्हणाली, "अगं, आमच्याकडे सगळ्याच मासिकांना मनोरंजन म्हणायचे."

किर्लोस्करवाडी म्हटल्यावर बाईंनी लगेच 'स्त्री'चं नाव घेतलं. हे मासिक 1930 मध्ये तिथून सुरू झालं. 22 वर्षांची पणजी, नवं मासिक, सगळं जुळतं. सगळं जुळतं म्हणूनच त्या सावध आहेत. 'किर्लोस्कर' मासिकही तिथूनच निघायचं, ते वेगळं पाहावं लागेल, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. पुण्या-मुंबईतल्या ग्रंथालयांना त्यांनी पत्रं लिहिली आहेत. दर दोन-तीन आठवड्यांनी मला मेल येतो: अमुक अंक पाहिले, त्यात नाही, अमुक अंक कुणाकडेच मिळाला नाही, अमुक महिन्याची शेवटची पानं फाटलेली आहेत.

या मेलनी मला माझं पॉडकास्टवरचं वाक्य मागे घ्यायला लावलं. यात एकही उत्तर नाही. आहे ते 'नाही', आणि ते कुठवर 'नाही' आहे याचा नीट हिशोब. सर्च इंजिन तुम्हाला काहीच सापडलं नाही असं क्वचित म्हणतं, आणि म्हटलं तरी कुठे पाहिलं नाही ते सांगत नाही. चॅटबॉट तर रिकामी जागा ठेवतच नाही, भरून टाकतो. 'इथपर्यंत पाहिलं, इथून पुढे पाहिलेलं नाही' असं सहीनिशी सांगणारं माणूस, हे त्या दोन्ही सिनेमांना दाखवता आलेलं नाही. 'डेस्क सेट'मध्ये बनी कधी हरत नाही, हरली तर गोष्टीतला विनोदच जाईल. 'एक्स लिब्रिस'मध्ये फोनवरचं बोलणं आपल्याला एका बाजूनेच ऐकू येतं. पलीकडच्याने रिसीव्हर ठेवल्यावर काय केलं, पुन्हा फोन केला का, हे कॅमेऱ्याला कळायचा मार्ग नाही. खरं काम बऱ्याचदा त्या मधल्या आठवड्यांत चालतं. तिथे दाखवण्यासारखं काही घडत नाही, आणि बहुधा म्हणूनच बजेटच्या बैठकीत ते कुणाला मांडताही येत नाही.

तुमच्या विद्यापीठात दक्षिण आशियाचे ग्रंथपाल आहेत का ते पाहा. नसतील तर दुसऱ्या विद्यापीठातल्यांना मेल करा, बहुतेक जण उत्तर देतात. शुद्ध प्रश्न घेऊन जाऊ नका. अर्धवटच घेऊन जा.

मागच्या रविवारी बाईंचा एक नवा प्रश्न मी आजीला विचारला: लेखासोबत चित्र होतं का? आजी म्हणाली, चित्राचं आठवत नाही, पण त्या पानावर आईने हळदीचं बोट लावलं होतं, पूजा केली होती अंकाची. मी तेही मेलमध्ये लिहून टाकलं. बाईंनी उत्तर पाठवलंय: त्यांनी नोंद केली आहे, आणि आजींच्या घरात कुठे जुन्या मासिकांची ट्रंक आहे का, असं विचारलं आहे.